करंगळी सोडून

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत, मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायचे,
नऊ वर्षं मी उतारे टाइप करते आहे.
एक-चौदा. सर्वे नंबर, उपविभाग, कब्जेदार,
कूळ, शेरा.
कुणाची काजूबाग, कुणाची खाजन जमीन,
कुणाचा एका माडावरून तीन पिढ्यांचा अबोला.

जमीन जागची हलत नाही.
हलतात ती माझी बोटं.

मुंग्या आधी रात्री आल्या.
तीनला जाग यायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट
दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढलेली.
अनामिका अर्धी त्यांची, अर्धी माझी,
वाटणीतल्या शेतासारखी.
करंगळी तेवढी निर्वेध.
मी हात झटकायचे, थर्मामीटर झटकावा तसा,
आणि उतरतंय का बघायचे.

कळफलक म्हणतात याला, कुणी नाव दिलं असेल?
कळ दाबायची, कळ सोसायची,
दोन्हींना एकच शब्द पुरवून
भाषेनं आधीच सांगून ठेवलं होतं.
मी मात्र आवाज करत दाबत राहिले,
दारावर थाप मारावी तशी.

एकदा खोवणीवर बसले असताना
नारळाची कवड हातातून सुटली, मोरीपर्यंत गेली.
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
उचलली, धुतली, खोवणी आपल्याकडे ओढली.
ते न बोलणं
मनगटापेक्षा वर, कोपरापर्यंत दुखलं.

म्हापशाची डॉक्टर लुर्डीस म्हणाली,
मनगट म्हणजे खांब नव्हे गं, साकव आहे.
खालून ओहोळ जातो. साकव वाकवलास
तर पाणी तुंबणारच.
रात्री पट्टा बांध. बांगड्या उतरव, निदान कामाला बसताना.
हातच्या कांकणाला आरसा नको म्हणतात.
माझ्या कांकणांना रजा हवी होती,
ती मंजूर झाली.

पण शिकवलं ते इनासनं.
कचेरीच्या आवारातले माड पाडायला आला होता,
नारळ कुणाच्या स्कूटरवर पडू नयेत म्हणून.
बिलावर सही घ्यायला आत आला, पट्टा बघून हसला.
‘मनगटान चडपाचें न्हय, बाये.
खांद्यान चडपाचें.’
आणि रिकाम्या हवेत चढून दाखवलं:
मनगट सरळ, मूठ सैल,
माडाला धरायचं ते पडू नये इतपतच.
पाच माड झाले की तो खाली बसतो.
पाच म्हणजे पाच. सहावा कितीही वाकून बोलावो.

आता पायांखाली जुन्या नोंदवहीचे दोन खंड आहेत,
पोर्तुगीज काळातले, वाळवीनं वाचलेले.
कोपर अंगाशी. माऊस डाव्या हातात,
नव्या सुनेसारखा, रोज काहीतरी सांडतो.
कळा मी दाबत नाही, नुसत्या हात लावून विचारते.
पाच उतारे झाले की दोन्ही हात मांडीवर,
तळवे वर. खिडकीबाहेर माड.
खिडकीशी उभा माणूस म्हणतो,
‘बाई, नेट गेलं काय?’
मी म्हणते, होय.

काल मये गावची सुभावती आजी आली.
नाव बरोबर होतं, कागद बरोबर होते,
फक्त यंत्र तिचा अंगठा ओळखेना.
साठ वर्षांच्या लावणीत, कोयत्यात,
रेषाच उरल्या नव्हत्या.
पुसला, पुन्हा ठेवला. लाल दिवा.
तिनं पदराला घासला, जणू चूक तिचीच.

मग मी तिच्या अंगठ्यावर
माझा अंगठा ठेवला आणि हळूच दाबला,
घासून गुळगुळीत झालेला तो,
बधिर झालेला हा.

हिरवा दिवा लागला.
दोघींतलं नेमकं कुणाला काय जाणवलं
ते सांगता येणार नाही.
सहावा उतारा होता.
मी हात मांडीवर ठेवले.